थायरॉईड जास्त काम करू लागतो तेव्हा: ग्रेव्ह्ज आजाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायरॉईड ‘कमी’ असण्याबद्दल बहुतेकांना थोडंफार ठाऊक असतं. तो ‘जास्त’ असतो तेव्हा मात्र रुग्ण आणि घरचे दोघंही गोंधळतात. आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही उत्तरं वाचून गोळीचा डोस स्वतःहून बदलू नका. डॉक्टरांना काय विचारायचं हे ठरवायला ती वापरा.

१. हायपरथायरॉईडिझम म्हणजे नेमकं काय?

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली थायरॉईड ग्रंथी असते. ती आयोडीन वापरून टी४ आणि टी३ ही दोन हार्मोन्स तयार करते. शरीर किती वेगाने ऊर्जा खर्च करेल, हृदय किती जोरात धावेल, आतडी किती हलतील हे बरंचसं या हार्मोन्सवर ठरतं. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवू लागली की त्याला हायपरथायरॉईडिझम म्हणतात.

हे निदान अर्धवट आहे. ताप आहे म्हटल्यावर तो कशामुळे हे शोधावं लागतं, तसंच इथेही. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे ग्रेव्ह्ज आजार (प्रश्न ३). पण ग्रंथीतली एखादी गाठ स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवत असेल, ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं हार्मोन रक्तात गळत असेल, किंवा थायरॉईड कमी असल्यास देतात त्या थायरॉक्सीनच्या गोळीचा डोस जास्त होत असेल, तरी रिपोर्ट वरवर सारखाच दिसतो. उपचार मात्र प्रत्येकाचे वेगळे. म्हणून ‘थायरॉईड वाढलाय’ एवढ्यावर गोळी सुरू होत असेल, तर ‘कशामुळे वाढलाय?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

२. माझा टीएसएच ०.०१ आलाय. म्हणजे थायरॉईड कमी झालाय ना?

नाही, उलट आहे. टीएसएच थायरॉईडमध्ये बनत नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून येतो. ‘हार्मोन बनव’ हा थायरॉईडला दिलेला आदेश म्हणजे टीएसएच. रक्तात हार्मोन भरपूर झालं की पियूषिका आदेश देणं थांबवते आणि टीएसएच खाली जातो. त्यामुळे टीएसएच खूप कमी आणि फ्री टी४ किंवा टी३ वाढलेला, असं चित्र असेल तर थायरॉईड जास्त काम करतोय.

टीएसएच कमी पण टी४ आणि टी३ नॉर्मल असेल, तर त्याला सौम्य किंवा सुप्त हायपरथायरॉईडिझम म्हणतात. तरुण माणसात बहुधा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून वाट पाहतात. वय ६५ च्या पुढे असेल आणि टीएसएच ०.१ च्या खालीच राहत असेल, तर हृदयाच्या आणि हाडांच्या काळजीपोटी उपचाराचा विचार होतो.

३. ग्रेव्ह्ज आजारात शरीरात काय बिघडतं?

थायरॉईडच्या पेशींवर टीएसएचचा आदेश घेणाऱ्या जागा, म्हणजे रिसेप्टर, असतात. ग्रेव्ह्जमध्ये आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा या रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी बनवते. प्रतिकारयंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते अशा इतर अनेक (ऑटोइम्यून) आजारांत अँटिबॉडी किंवा पेशी त्या अवयवाची नासधूस करतात. इथे अँटिबॉडी रिसेप्टरला चिकटते आणि त्याला सतत चालू ठेवते. दाराची बेल दाबून कोणी बोट काढूच नये, तसं हे आहे. पियूषिकेने टीएसएच शून्याजवळ नेला तरी उपयोग होत नाही, कारण हुकूम आता दुसरीकडूनच येतोय. सतत चेतवली गेल्याने ग्रंथी हार्मोन बनवत राहते आणि आकारानेही वाढते, त्यामुळे गळा भरल्यासारखा दिसतो.

आयरिश डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. जर्मनीत कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये ते स्वतंत्रपणे केलं, म्हणून युरोपात बऱ्याच ठिकाणी तो बासेडोच्या नावाने ओळखला जातो. दोष थायरॉईडला चेतवणाऱ्या, रक्तातल्या एका वेगळ्याच घटकाचा आहे याचा धागा मात्र १९५६ मध्ये हाती लागला.  आजही रुग्णाच्या मनात सगळा संशय ग्रंथीवरच असतो. मूळ बिघाड प्रतिकारयंत्रणेत आहे आणि थायरॉईड तिचा मार खातेय, हे एकदा पटलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप उलगडतात: डोळे का बिघडतात, गोळी बंद केल्यावर आजार का परततो, ग्रंथी काढल्यावरही अँटिबॉडी का उरतात.

४. घरात कोणालाच नाही, मग मलाच का झाला?

एका कारणाने होणारा हा आजार नाही. वारशाने येते ती प्रवृत्ती. घरात कुणाला हाशिमोटो (थायरॉईड मंदावणारा ऑटोइम्यून आजार), पहिल्या प्रकारचा मधुमेह किंवा कोड असेल तर तीही त्याच कुळातली चिन्हं मानली जातात. पण जुळ्या एकसारख्या भावंडांतही एकाला होऊन दुसऱ्याला होत नाही असं बरेचदा घडतं, म्हणजे जनुकांवर सगळं ढकलता येत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये प्रमाण कितीतरी पट जास्त आहे. बाळंतपणानंतरचं वर्ष, धूम्रपान, अचानक शरीरात गेलेलं भरपूर आयोडीन आणि काही औषधं यांनी ठिणगी पडू शकते. मोठ्या मानसिक आघातानंतर आजार सुरू झाल्याचं अनेक रुग्ण सांगतात आणि त्यात तथ्य असावं असं मानलं जातं. तरीही ‘तू टेन्शन घेतलंस म्हणून झालं’ असं रुग्णाला ऐकवणं चूक आहे आणि क्रूरही.

५. लक्षणं कोणती? मला तर फक्त चिंतारोग आहे असं सांगितलं होतं.

धडधड, हात थरथरणं, घाम, उकाडा सहन न होणं, भूक असूनही वजन उतरणं, वारंवार शौचाला जावं लागणं, झोप उडणं, चिडचिड, पाळी कमी होणं किंवा लांबणं. मांड्यांचे स्नायू अशक्त होतात; खाली बसलेला माणूस हाताचा आधार घेतल्याशिवाय उठत नाही, जिन्यात मध्येच थांबतो. हात पुढे ताणून बोटांवर एक कागद ठेवला की त्याची कड बारीक थरथरताना दिसते. तपासणीच्या खोलीतली ही जुनी युक्ती आजही उपयोगी पडते.

चिंतारोगाचं लेबल लागणं फार नेहमीचं आहे, कारण धडधड, घाम आणि अस्वस्थता दोन्हीकडे सारखी असते. एक फरक मदत करतो: ग्रेव्ह्जमध्ये नाडी गाढ झोपेतही वेगात असते आणि तळहात गरम, ओलसर असतात. चिंतेत ते बहुधा थंड पडतात. शंका असेल तर टीएसएचची एक साधी रक्ततपासणी पुरते. ती न करता महिनोन्महिने मनाच्या गोळ्या घेत राहणं टाळायला हवं.

वयस्कर माणसांत चित्र उलटंच असू शकतं. ना थरथर, ना उत्साह, नुसती मरगळ, वजन घटणं आणि हृदयाचे अनियमित ठोके. घरच्यांना वाटतं वय झालं. काही तरुण रुग्णांचं वजन घटण्याऐवजी वाढतं, कारण भूक खर्चाच्याही पुढे जाते.

६. ग्रेव्ह्जच आहे हे कसं ठरवतात?

डोळे पुढे आलेले, गळा सर्व बाजूंनी सारखा वाढलेला आणि हार्मोन वाढलेलं असं तिन्ही असेल तर निदान जवळपास समोरच असतं. एरवी टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीची रक्ततपासणी करतात, रिपोर्टवर तिला टीआरएबी म्हणतात. ती पॉझिटिव्ह आली तर ग्रेव्ह्ज. अँटी-टीपीओ ही वेगळी तपासणी आहे. ती हाशिमोटोतही पॉझिटिव्ह येते, म्हणून एकट्या तिच्यावर ग्रेव्ह्ज ठरत नाही.

शंका उरली तर थायरॉईड स्कॅन करतात. ग्रेव्ह्जमध्ये संपूर्ण ग्रंथी किरणोत्सारी द्रव्य हावरटासारखं शोषते. गाठीमुळे असेल तर तेवढीच जागा उजळते. ग्रंथीच्या सुजेत, म्हणजे थायरॉयडायटिसमध्ये, जवळपास काहीच शोषलं जात नाही. हा शेवटचा फरक सर्वांत महत्त्वाचा. सुजेत नवं हार्मोन बनतच नसतं, आधी साठवलेलं गळत असतं. त्यामुळे हार्मोन बनणं थांबवणारी गोळी तिथे निरुपयोगी ठरते, आणि त्रास बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हार्मोन वाढलं तर हा फरक तपासल्याशिवाय गोळी सुरू होऊ नये. गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना किरणोत्सारी स्कॅन सहसा टाळतात, तेव्हा टीआरएबी आणि डॉप्लर सोनोग्राफीवर भिस्त असते.

७. केसांसाठी बायोटिन घेते. त्याने रिपोर्ट चुकतो का?

हो, आणि तोही नेमका ग्रेव्ह्जसारखा. अनेक प्रयोगशाळांच्या तपासणी पद्धतीत बायोटिन रसायन म्हणून वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी, टी४ आणि टी३ खोटे जास्त, कधी टीआरएबीसुद्धा खोटी पॉझिटिव्ह दाखवली जाते. केस आणि नखांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असणं सामान्य आहे. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून, आणि घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा. काहीच लक्षण नसताना रिपोर्ट भयंकर आला, तर सर्वांत आधी हेच आठवावं.

८. गोळ्या कशा काम करतात? चार दिवस झाले, फरक का नाही?

कार्बिमॅझोल, मेथिमॅझोल आणि प्रोपिलथायोयुरासिल ही औषधं नवं हार्मोन बनणं रोखतात. कार्बिमॅझोल शरीरात गेल्यावर मेथिमॅझोलच होतं, म्हणून ती दोन एकाच घरातली समजा. ग्रंथीत आधी तयार असलेला साठा मात्र गोळीने हलत नाही, आणि रक्तातला टी४ निम्मा व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे खरा फरक जाणवायला तीन ते सहा आठवडे जातात.

तोवर धडधड आणि थरथर आवरायला प्रोप्रॅनोलॉलसारखं बीटा-ब्लॉकर देतात. ते काही तासांत आराम देतं, पण आजारावर काम करत नाही. दमा असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं, आधी सांगा.

९. गोळी सुरू असताना ताप आला आणि घसा दुखतोय. साधी सर्दीच असेल ना?

असू शकते, पण गृहीत धरू नका. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. या औषधांमुळे क्वचित, हजारात दोन ते पाच जणांत, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अचानक जवळपास नाहीशा होतात. बहुतेक वेळा हे पहिल्या तीन महिन्यांत होतं. ताप, तीव्र घसादुखी किंवा तोंडात फोड आले तर गोळी तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची मोजणी करून घ्या. पेशी ठीक असतील तर गोळी पुन्हा सुरू करता येते. मागच्या महिन्याचा रिपोर्ट नॉर्मल होता, हा दिलासा इथे चालत नाही, कारण घसरण काही दिवसांत होते. जो कुणी तुम्हाला तपासेल त्याला या गोळीचं नाव सांगा.

कावीळ, गडद लघवी, सतत मळमळ ही यकृताची धोक्याची चिन्हं, विशेषतः प्रोपिलथायोयुरासिल घेताना. नुसती अंगाला खाज किंवा पुरळ हा त्यामानाने सौम्य त्रास. तो कळवा, पण घाबरू नका.

१०. टी४ नॉर्मल आलाय, टीएसएच मात्र अजून शून्याजवळ. डोस वाढवायचा का?

बहुधा नाही. पियूषिका बराच काळ दबलेली असल्याने तिला जागं व्हायला आठवडे, कधी काही महिने लागतात. या काळात डोस टी४ आणि टी३ पाहून ठरवतात. फक्त टीएसएच पाहून डोस वाढवत नेला तर काही आठवड्यांत रुग्ण उलट्या टोकाला पोचतो: सुस्ती, थंडी वाजणं, चेहरा सुजणं.

११. गोळ्या किती काळ? बंद केल्यावर आजार परत येतो का?

साधारण १२ ते १८ महिने. त्यानंतर टीआरएबी तपासून निर्णय घेतात. ती नॉर्मल झाली असेल तर बंद करून पाहायला हरकत नाही. अजून जास्त असेल तर गोळी चालू ठेवणं किंवा प्रश्न १२ आणि १३ मधले मार्ग पाहणं बरं. एकंदरीत साधारण निम्म्या लोकांत आजार परततो, बहुतेक वेळा पहिल्या वर्षभरात. मोठा गलगंड, सुरुवातीला खूप जास्त अँटिबॉडी आणि धूम्रपान असेल तर शक्यता वाढते. परत आला म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही. प्रतिकारयंत्रणा अजून शांत झालेली नाही, एवढंच. कमी डोसची गोळी वर्षानुवर्षं घेणं हाही आता मान्य मार्ग आहे, आणि ज्यांना ग्रंथी गमवायची नाही त्यांनी तो जरूर विचारावा.

१२. रेडिओआयोडीनची भीती वाटते. कॅन्सर होतो का?

थायरॉईड आयोडीन ओढून घेते, याचाच फायदा घेऊन आयोडीन-१३१ ची कॅप्सूल दिली जाते. ते ग्रंथीत साठतं आणि आतून पेशी निकामी करतं. त्याची किरणोत्सारिता सुमारे आठ दिवसांनी निम्मी होते. १९४१ मध्ये सॉल हर्ट्झ यांनी बॉस्टनमध्ये पहिल्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं, म्हणजे अनुभव आठ दशकांहून जुना आहे. कॅन्सरचा धोका वाढत असेलच तर तो फार थोडा, आणि वंध्यत्व येत नाही.

खरे तोटे वेगळे आहेत आणि त्यांची चर्चा कमी होते. बहुतेकांची ग्रंथी पुढे कायमची मंदावते आणि रोज थायरॉक्सीन घ्यावं लागतं. डोळ्यांचा आजार सक्रिय असेल तर तो चिघळू शकतो, धूम्रपान करणाऱ्यांत जास्तच. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना हे औषध अजिबात चालत नाही. नंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळायची असते, पुरुषांनाही काही महिने थांबायला सांगतात. पहिले काही दिवस लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवायचं. किती दिवस ते डोसवर ठरतं.

१३. ऑपरेशन कोणाला?

ग्रंथी खूप मोठी असेल, संशयास्पद गाठ असेल, डोळ्यांचा आजार तीव्र असेल, गोळ्या सोसत नसतील किंवा लवकर गर्भधारणा हवी असेल, तर संपूर्ण ग्रंथी काढतात. आधी हार्मोन आटोक्यात आणणं सहसा आवश्यक असतं. आवाजाच्या नसेला इजा आणि कॅल्शियम घसरणं हे दोन मुख्य धोके. अशी ऑपरेशनं नियमित करणाऱ्या सर्जनच्या हाती ते बरेच कमी होतात, म्हणून ‘वर्षाला किती करता?’ हे संकोच न करता विचारा.

१४. थायरॉईड आटोक्यात आहे, मग डोळे का बिघडताहेत?

कारण डोळ्यांचा आजार हार्मोनमुळे होत नाही, त्याच प्रतिकारयंत्रणेमुळे होतो. डोळ्यामागच्या पेशींवरही टीएसएच रिसेप्टर असतात. तिथली चरबी आणि स्नायू सुजतात आणि डोळा पुढे ढकलला जातो. म्हणून डोळे थायरॉईडच्या आधी, सोबत किंवा काही वर्षांनंतरही बिघडू शकतात.

सौम्य त्रासात, म्हणजे वाळू गेल्यासारखं खुपणं, पाणी येणं, सकाळी पापण्या सुजणं यात, कृत्रिम अश्रूंचे थेंब, उशाकडची बाजू उंच ठेवणं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा महिने सेलेनियम यांचा उपयोग होतो. तीव्र असेल तर शिरेतून स्टेरॉइड, आणि २०२० पासून काही देशांत टेप्रोट्युमुमॅब हे नवं औषध. तुमच्या स्वतःच्या हातात असलेला सर्वांत मोठा उपाय म्हणजे धूम्रपान सोडणं. त्याने आजार बळावतो आणि औषधही कमी लागू पडतं, हे इतकं स्पष्ट आहे की यात मध्यममार्ग सुचवणं मला पटत नाही.

रंग फिके दिसणं, नजर कमी होणं किंवा झोपताना डोळा पूर्ण न मिटणं यासाठी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

१५. उपचार सुरू झाल्यावर वजन वाढतंय. गोळीमुळे?

गोळी थेट वजन वाढवत नाही. शरीराचा वाढलेला खर्च थांबला, पण भूक आणि सवय तीच राहिली. गेलेल्या वजनातलं पुष्कळसं स्नायूंचं होतं, तेही परत येतंय. थोडी वाढ म्हणजे प्रकृती सुधारतेय. झपाट्याने वाढत असेल तर डोस जास्त होत नाही ना ते तपासा (प्रश्न १०). वजन पुन्हा उतरावं म्हणून गोळी चुकवणं मात्र घातक: वाढलेलं हार्मोन हृदयाचे ठोके अनियमित करतं आणि हाडं ठिसूळ करतं.

१६. आहारात आयोडीन बंद करू का?

रोजचं आयोडीनयुक्त मीठ बंद करण्याची गरज नसते. समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणि आयोडीनची पूरकं मात्र टाळा. सीटी स्कॅनच्या इंजेक्शनमध्ये भरपूर आयोडीन असतं. त्याआधी आजाराची कल्पना द्या. कुठल्याही पथ्याने अँटिबॉडी निघून जातात असा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका.

१७. तातडीने हॉस्पिटल कधी गाठायचं?

तीव्र ताप, नाडी फार वेगात, भ्रम किंवा बडबड, उलट्या-जुलाब हे एकत्र आलं तर ते थायरॉईड स्टॉर्म असू शकतं. हे क्वचित होतं, पण जिवावर बेततं. बहुधा गोळ्या अचानक सोडल्यावर, संसर्गात किंवा ऑपरेशननंतर होतं.

दुसरा प्रकार कमी लोकांना माहीत असतो. आशियाई वंशाच्या तरुण पुरुषांत, भरपेट पिष्टमय जेवणानंतर किंवा जोरदार व्यायामानंतरच्या विश्रांतीत, पहाटे पाय अचानक लुळे पडतात. रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरल्याने हे होतं. वेळेत पोचलं तर ताकद पूर्ण परत येते, आणि थायरॉईड आटोक्यात आला की झटके थांबतात.

१८. मूल हवंय. काय करू?

आधी भेटा, मग प्रयत्न करा. कार्बिमॅझोल आणि मेथिमॅझोलने सहाव्या ते दहाव्या आठवड्यात बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत प्रोपिलथायोयुरासिल पसंत करतात किंवा आजार शांत असेल तर गोळी थांबवून पाहतात. पाळी चुकली की त्याच आठवड्यात कळवा. पण मनानेच सगळं बंद करू नका, अनियंत्रित आजारही गर्भाला घातक असतो. गोळी बाळाच्या थायरॉईडवरही काम करते, म्हणून डोस कमीत कमी ठेवून टी४ नॉर्मलच्या वरच्या कडेला ठेवतात. कमी डोसवर अंगावर पाजायला हरकत नाही.

आधी आजार नव्हता आणि पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच कमी आला, तर तो गरोदरपणातल्या एचसीजी हार्मोनचा परिणाम असू शकतो. एचसीजी टीएसएचसारखं वागतं. ते बहुधा आपोआप निवळतं.

१९. रेडिओआयोडीन होऊन वर्षं झाली, थायरॉक्सीनवर टीएसएच अगदी नॉर्मल आहे. आता गरोदर आहे. ग्रेव्ह्जचा विषय संपला ना?

तुमच्यापुरता संपला असेल, बाळापुरता नाही. ग्रंथी गेली तरी अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात, वार (प्लॅसेंटा) ओलांडू शकतात आणि बाळाच्या थायरॉईडला चेतवू शकतात. तुमचा टीएसएच यातलं काहीच सांगत नाही. म्हणून ऑपरेशन किंवा रेडिओआयोडीन झालेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीची टीआरएबी सुरुवातीलाच तपासावी, आणि जास्त असेल तर विसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. नॉर्मलच्या तिपटीहून जास्त असेल तर सोनोग्राफीत बाळाचे ठोके, वाढ आणि गळा यांवर लक्ष ठेवतात. ठोके सतत मिनिटाला १६० च्या वर राहणं ही इशारत.

जन्मानंतर बाळाच्या डॉक्टरांना आईचा इतिहास सांगायलाच हवा. आई शेवटपर्यंत गोळ्या घेत असेल तर गोळीचा अंश बाळात असतो, त्यामुळे पहिले काही दिवस ते ठणठणीत दिसतं आणि त्रास नंतर उघड होतो: नीट न झोपणं, दूध पिऊनही वजन न वाढणं, नाडी जलद. उपचार आहेत, आणि आईच्या अँटिबॉडी विरत जातात तसा हा त्रास साधारण तीन-चार महिन्यांत संपतो.